पुढे उभ्या राहणाऱ्या बाई

गोदामात काहीही बिघडलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आणि तो मराठीत असायचा. "माझं की तुझं?"

फोर्कलिफ्ट बंद पडलेली असो, माल भिजलेला असो, नाहीतर बाथरूमचा नळ गळत असो, बाई आधी समोरच्याकडे बोट दाखवायच्या, मग स्वतःकडे, आणि थांबायच्या. उत्तर दोनातलं एक हवं. "बघतो मॅडम", "सांगतो कुणालातरी", "होऊन जाईल" हे त्यांना चालायचं नाही. आमच्याकडे ड्युटीवरचा माणूस "माझं" म्हणायला घाबरतो, कारण एकदा म्हटलं की ते कायमचं गळ्यात पडतं. म्हणून सुरुवातीला सगळे जमिनीकडे बघत उभे राहायचे. मग बाई स्वतःच "माझं!" म्हणून पाना घेऊन नळाखाली शिरायच्या. साठीकडे झुकलेली, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच गोरी बाई भिजून बाहेर आली की प्लंबरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे आमच्या गोदामात माणसं चक्क भांडू लागली, "माझं आहे ते, तू कशाला हात लावलास?"

हे दोन शब्द त्यांनी मुळात बॅडमिंटनसाठी शिकून घेतले होते. दुहेरीत फूल (शटलला आम्ही फूलच म्हणतो) दोघांच्या मधोमध आलं आणि दोघांनीही ते दुसऱ्यावर सोडलं, तर ते मध्येच पडतं. बाईंचं म्हणणं असं की भिवंडीत आल्यापासून त्यांना जिथे तिथे मध्येच पडलेली फुलं दिसत होती.

बाई डेन्मार्कच्या. तरुणपणी बरीच वर्षं त्या आपल्या देशाकडून मिश्र दुहेरी खेळल्या. खेळ सुटल्यावर एका परदेशी कंपनीत गोदामांचं काम शिकल्या, आणि आमच्याकडच्या नव्या गोदामाची घडी बसवायला कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी पाठवलं. राहायला ठाण्यात फ्लॅट होता, दाराशी गाडी होती. बाईंनी एक सकाळ नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये घालवली आणि संध्याकाळी विचारलं, गोदामाच्या सगळ्यात जवळचं घर कुणाचं? ते आमचं होतं. गोदाम आमच्याच जुन्या भातशेतीवर उभं आहे. वडिलांनी जमीन दिली, त्यातून बंगला झाला, आणि मी त्याच गोदामात शिफ्ट सुपरवायझर झालो. अशा रीतीने बाई एकाच वेळी माझ्या साहेब झाल्या आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूही.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. वीज गेली तर मी जिना चढून वर जायचो आणि माफी मागायचो. डासांबद्दल मागायचो, शेजारच्या हळदीतल्या डीजेबद्दल मागायचो, एकदा तर उकाड्याबद्दल मागितली. जिथे आमचं भात डोलायचं तिथे आता ट्रक रिव्हर्स घेतात, ते ऐकताना मला बापजाद्यांची माफी मागावीशी वाटते. आई म्हणते, "तू जनमलास तवा सुईनीला पन सॉरी बोलला असशील."

बाईंनी माझा हा रोग पहिल्यांदा कोर्टवर पाहिला.

आमचं कोर्ट म्हणजे निजामपुऱ्यातली एका चाचांची बंद पडलेली लूमची शेड. मंदीत चाचांनी लूम भंगारात काढले आणि रिकाम्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने पांढऱ्या रेघा मारल्या. आम्ही दहाबाराजण सकाळी तिथे खेळायचो. कोपऱ्यात अजून कापसाची तूस उडायची, आणि शेजारच्या गाळ्यात लूम चालू झाले की जमीन थरथरायची. बॅडमिंटन मला कॉलेजपासून येत होतं, म्हणजे येतं असा माझा समज होता. बाई खेळाडू होत्या हे कळल्यावर मी त्यांना घाबरत घाबरतच तिथे घेऊन गेलो. वाटेत त्या गल्लीबद्दल, गटाराबद्दल आणि शेडच्या ठेंगण्या छताबद्दल तीन वेगवेगळ्या माफ्या मागून झाल्या.

चाचांनीही सांगून टाकलं, "मॅडम, छत नीची है. ऊपर मत मारना, पत्रे को लगा तो फाउल."

बाईंनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. रॅकेट उभी धरली आणि अंतराचा अंदाज घेतला. मग त्या हसायलाच लागल्या. मला वाटलं, आमची चेष्टा करताहेत. पण मिश्र दुहेरी, त्यांनी मला समजावलं, हा उंच मारण्याचा खेळच नाही. उंच मारलं की समोरचा पुरुष मागून स्मॅश करतो आणि पुढची बाई मरते. शहाणी जोडी फूल नेटच्या वरून सपाट, ताणलेल्या दोरीसारखं मारत राहते. हे शिकवताना त्यांच्या प्रशिक्षकांनी आयुष्यं घालवली, आणि इथे भिवंडीत एका पत्र्याने ते आपसूक शिकवलं होतं. "तुमच्याकडे जगातली सगळ्यात चांगली मिक्स्डची शाळा आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे पुरुष-पुरुष खेळताय." चाचांना याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. पुढे कुणीही नवीन आलं की ते पत्र्याकडे बोट दाखवून सांगायचे, डेन्मार्कवालोंने पास किया हुआ है.

त्याच सकाळी मी त्यांचा जोडीदार झालो. त्या पुढे नेटजवळ, मी मागे. पहिलं फूल मी नेटमध्ये घातलं आणि म्हणालो, सॉरी. दुसरं बाहेर गेलं, सॉरी. तिसरं बाईंच्या खांद्यावर बसलं. तेव्हा मी रॅकेट खाली ठेवून हात जोडले. बाईंनी खेळ थांबवला. चिडल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की तू सॉरी म्हटलंस की मला वळून "असू दे" म्हणावं लागतं, आणि तेवढ्यात पुढचं फूल येतं. म्हणजे एका चुकीच्या दोन होतात. तेव्हा माफी मागायचीच असेल तर घरी जाऊन माग, तुझ्या आईकडे माग, इथे नाही.

मी विचारलं, "पण तुम्हाला कसं कळणार की मला वाईट वाटलंय?"

"मला ते कळायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

मला हे फार कठोर वाटलं होतं. महिनाभर मी ओठ दाबून खेळलो. मग हळूहळू लक्षात आलं की छातीवरचं काहीतरी उतरतंय.

बाई मागे वळून बघत नसत. नेटजवळ उभी राहणारी बाई जोडीदाराकडे बघायला वळली तर फूल तोंडावर घेते, हा खेळाचा साधा नियम. पण बाईंच्या अंगात तो इतका मुरला होता की कोर्टबाहेरही त्या कधी वळायच्या नाहीत. गोदामात एखाद्याला काम सांगितलं की त्या चालू लागायच्या. झालं का, करतोयस ना, असं पुन्हा येऊन बघणं नाही. आमच्याकडे साहेब दोनदा फिरकला नाही तर ते काम महत्त्वाचं नसावं असाच अर्थ होतो, त्यामुळे पहिल्या महिन्यांत बराच गोंधळ झाला. एकदा दोन ट्रकांच्या मालाची अदलाबदल झाली. बाईंनी ज्याच्याकडून चूक झाली त्या पोराला बोलावून पुढचे दोन ट्रकही त्यालाच दिले आणि पाठ फिरवून निघून गेल्या. मी चोरून त्याच्यावर नजर ठेवली हे मला इथे सांगितलं पाहिजे. पोराने माल सुरेख लावला.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हांना तर अंत नव्हता. पिसांची फुलं कोरडी पडली की मोडतात, म्हणून त्या शेडबाहेरच्या चहावाल्याच्या किटलीवर ती वाफेला धरायच्या. चहावाला म्हणायचा, "मॅडम, चाय में मुर्गी का स्वाद आ रहा है," आणि बाई गंभीरपणे सांगायच्या की मुर्गी नाही, बदक. आईशी त्या रोज सकाळी हात मिळवायच्या. आई बिचारी भाकरी थापता थापता पदराला हात पुसून उठायची आणि हात पुढे करायची. नंतर नंतर तर बाई उशिरा उतरल्या तर आई हात पुसून जिन्याखाली वाट बघत उभी राहायची. जेवणाचं म्हणाल तर आम्हाला वाटलं होतं, ही गोरी बाई पाव-अंड्यावर राहील. बाईंनी पहिल्याच आठवड्यात आईच्या तांदळाच्या थंड भाकरीवर लोणी फासलं, वर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या रचल्या आणि त्यावर सुकट पसरून ते उघडंच काट्याने खाल्लं. त्यांच्या देशात दुपारी असंच खातात म्हणे, फक्त भाकरी काळी असते. सुकटीच्या वासाने आमच्या ठाण्याच्या पाहुण्या नाक धरतात. बाईंनी तो हुंगला आणि म्हणाल्या, माझ्या गावचं बंदर. त्या दिवसापासून आईच्या लेखी त्या परक्या उरल्या नाहीत.

आईनेच त्यांना तो प्रश्न विचारला जो आम्हा सगळ्यांच्या मनात होता. बाईंचा एक शेवटचा जोडीदार होता, सुतारकाम करणारा, ज्याच्याबरोबर त्या सगळ्यात जास्त वर्षं खेळल्या. जग फिरल्या दोघं. त्यांच्या बोलण्यात तो सारखा यायचा. त्यांना नवराही होता, पुढे तो वेगळा झाला, पण त्याचं नाव कधी निघत नसे.

आई म्हणाली, "एवरी वर्सं एका बाप्यासंगं खेललीस, मंग लगीन दुसऱ्याशी कसा केलास?"

मी शरमेने अर्धंच भाषांतर केलं. बाईंना पूर्ण समजलं. त्या म्हणाल्या की लग्नात माणसाचं तोंड बघत बसावं लागतं. त्या सुताराचं तोंड त्यांनी खेळताना कधी पाहिलंच नाही, तो कायम पाठीमागे. पण त्याच्या बुटांचा आवाज त्या अजून झोपेतही ओळखतील. तो कुठे आहे, दमलाय का, पुढे झेपावणार की मागे सरकणार, हे सगळं त्यांना बुटांवरून कळायचं. "नवऱ्याचं मला एवढं कधीच कळलं नाही," त्या म्हणाल्या. आईने यावर बराच विचार केला आणि मला म्हणाली, खरं हाय तिचा.

त्यांची कारकीर्द मला अशीच तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. त्यांच्या लहानशा गावात बॅडमिंटनचा हॉल होता आणि त्यांची आई तिथे कॉफी विकायची. मोठ्या भावाला मिश्र दुहेरीसाठी मुलगी हवी होती, कुणी मिळेना, म्हणून त्याने बहिणीला नेटजवळ उभं केलं आणि सांगितलं, हलू नकोस. त्या हलल्या. भावाच्या वाटची फुलंही मारू लागल्या. पुढे देशात पहिल्या आल्या, युरोपभर जिंकल्या, कुआलालंपूरला ज्या चिनी जोडीला कुणी हरवत नव्हतं तिला त्यांनी आणि सुताराने हरवलं. हे सांगताना त्या लाजतबिजत नसत. आपल्याकडे मोठा माणूस स्वतःचं कौतुक आलं की हात हलवून उडवून लावतो. बाई सरळ सांगायच्या, नेटजवळ माझ्यापेक्षा चांगली बाई त्या काळात जगात एकच होती, आणि ती इंडोनेशियाची होती. मलाच कानकोंडं व्हायचं. नंतर मीही लोकांना ते वाक्य अभिमानाने सांगायला लागलो, इंडोनेशियावाली गाळून.

शेवटच्या मॅचचं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं. अकलोलीला.

बाईंचा उजवा गुडघा गेलेला होता. रविवारी मी त्यांना अकलोलीच्या गरम कुंडांवर न्यायचो. भर वैशाखात, जेव्हा आम्ही माणसं सावली शोधतो, तेव्हा ही बाई कढत पाण्यात मांडीपर्यंत पाय सोडून सुखाने डोळे मिटायची आणि बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तिथे पायऱ्यांवर बसून त्यांनी सांगितलं.

जकार्ताला उपांत्यपूर्व सामना चालू होता. तिसरा गेम, बरोबरी. पाठीमागे काहीतरी फाटकन वाजलं, लाकडाची फळी मोडावी तसं. बाईंना वाटलं, सुताराच्या रॅकेटची तार तुटली. तार तुटलेल्या जोडीदाराला वेळ मिळवून द्यायचा म्हणून त्यांनी मधलं फूल "माझं" म्हणून घेतलं, त्याच्या मागोमाग आलेलंही घेतलं, आणि तिसरं मारून पॉइंट जिंकला. प्रत्येक पॉइंटनंतर दोघं हाताला हात लावायचे. बाईंनी न बघताच हात मागे केला. हात आला नाही. वळल्या तेव्हा सुतार आडवा पडला होता. टाचेची शीर तुटली होती.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"पॉइंट कुणाला, म्हणाला. मी म्हटलं, आपल्याला. मग त्याने डोळे मिटले."

मॅच तिथेच सोडावी लागली. सुतार पुन्हा खेळला नाही, आणि त्या वयात बाईंना दुसरा जोडीदार मिळाला नाही. त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की साथीदार जमिनीवर तळमळत असताना ही खेळत राहिली. मी असतो तर त्या ओझ्याखाली संपलो असतो. मी त्यांना विचारलंही, तुम्हाला वाईट नाही वाटत? बाई म्हणाल्या की त्याचं वाईट नाही वाटत, मी वळले असते तर तोच माझ्यावर रागावला असता. त्यांना दुसरीच गोष्ट खुपत होती. त्यांची शेवटची मॅच हरलेली नव्हती आणि जिंकलेलीही नव्हती. तिच्यापुढे नुसतं लिहिलेलं होतं, सोडली. शेवटचा पॉइंट, नेटवर चौघांचे हात, पंचाशी हात, बॅग उचलून बाहेर पडणं, हे झालंच नाही. "एवढ्या मॅच खेळले," त्या म्हणाल्या, "आणि अजून कोर्टवरच आहे."

मग डोळे न उघडता त्यांनी सांगितलं की ठाण्याला प्रौढांची स्पर्धा आहे, त्यात मिक्स्ड आहे, आणि त्यांनी आम्हा दोघांचं नाव दिलेलं आहे. त्यांचे भिवंडीतले थोडेच दिवस उरले होते. गुडघ्यामुळे डॉक्टरने खेळायला सक्त मनाई केली होती, तेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. जिंकायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "हरलास तर चालेल. पण मला मॅच पूर्ण करायची आहे."

भिवंडीचे खेळाडू ठाण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी येतात, ही आमची परंपरा आहे. आणि तिचं कारण तोच पत्रा. आम्ही सगळे ठेंगण्या छताखाली वाढलेलो. मोठ्या हॉलमध्ये शिरलो की वरच्या त्या अफाट पोकळीत नजर पत्रा शोधत राहते. समोरच्याने फूल आकाशात चढवलं की आम्ही फाउल झाला असं समजून क्षणभर थांबतो. मी स्वतः मागे एकदा असाच थांबलो होतो आणि फूल माझ्यामागे येऊन पडलं तेव्हा सगळा हॉल हसला होता.

आमच्यासमोर ठाण्याचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं. दोघं चाळिशीतली, सफाईदार खेळणारी आणि प्रत्येक पॉइंटनंतर भांडणारी. "अहो, ते माझं होतं." "मग घ्यायचं ना!" बाईंना ते जोडपं फारच आवडलं. पण जोडपं हुशार होतं. बाईंनी नेटजवळची पहिली दोन फुलं ज्या तऱ्हेने मारली ते बघून त्यांनी ठरवून टाकलं की यांच्याकडे फूल जाऊच द्यायचं नाही. प्रत्येक फूल उंच, माझ्या डोक्यावरून, मागच्या रेषेवर. मी मागे धावत होतो, दिव्यांनी डोळे दिपत होते, फूल उतरता उतरत नव्हतं. बाई नेटजवळ रिकाम्या उभ्या. पहिला गेम आम्ही धडाधड हरलो.

मध्यंतरात मी ओठ इतके दाबले होते की पाणी पिता येईना. बाईंनी मला एवढंच सांगितलं की वर पत्रा आहे असं समज. फूल कितीही उंच येऊ दे, तू पत्र्याखालूनच परत कर.

मी तसं केलं. उंच आलेलं फूल उंच परत न करता कमरेच्या उंचीवर येऊ देऊन सपाट झोडपायला लागलो, निजामपुऱ्यात झोडपतो तसं. इतकं सपाट फूल त्या जोडप्याला उचलता येईना. ते आडवं परत यायला लागलं, आणि आडवं आलेलं फूल म्हणजे बाईंच्या तोंडचा घास. मी पाठीमागून पाहत होतो. त्या हलत नव्हत्या जणू, नुसतं मनगट वळत होतं आणि फूल पलीकडे मेलेलं असायचं. शेजारच्या कोर्टवरचे लोक खेळ थांबवून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, कुठली जोडी? मी श्वास नसतानाही ओरडलो, "भिवंडी." तो गेम आमचा झाला.

तिसऱ्या गेमच्या मध्यावर मी बाईंचा गुडघा वळताना पाहिला. मागे उभं राहणाऱ्याला हे सगळं दिसतं. पाय आत मुडपला, डावा हात नेटच्या खांबाकडे गेला. फूल माझ्याकडे येत होतं. माझा सगळा स्वभाव सांगत होता, टाक रॅकेट आणि धाव. मी फूल मारलं. ते परत आलं, पुन्हा मारलं, आणि मग तो पॉइंट हरलो. तेव्हाच पुढे गेलो.

पंचाने विचारलं, सोडता का? समोरचे गृहस्थही भले होते, म्हणाले, "राहू द्या, मॅडमना त्रास होतोय. आपण इथेच थांबू." बाई खांबाला धरून वळल्या आणि पहिल्यांदाच कोर्टवर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. म्हणाल्या, "मी इथून हलू शकत नाही. सगळं कोर्ट तुझ्यावर येईल. जमेल?"

"नाही जमणार," मी म्हटलं. "पण सोडायचं नाही."

मी पंचाला सांगितलं, खेळतोय.

त्या एका पायावर नेटजवळ उभ्या राहिल्या. आता ते गृहस्थ दयेने हळू मारायला लागले, अगदी बाईंच्या रॅकेटवर आणून द्यायला लागले. बाईंनी असं एक फूल हातात झेललं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. नवऱ्याला काही कळेना. कळलं ते बायकोला. ती म्हणाली, "अहो, नीट मारा. त्यांचा अपमान होतोय."

मग त्यांनी नीट मारलं. मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावलो, गुडघे सोलवटले, काही फुलं काढलीही. बाईंच्या हाताच्या टप्प्यात आलेलं एकही फूल त्यांनी सोडलं नाही. शेवटचं फूल माझ्या डाव्या मागच्या कोपऱ्यात पडलं. मी पोचलो नाही. आम्ही हरलो, शेवटच्या पॉइंटपर्यंत, सबंध हरलो.

बाई लंगडत नेटशी गेल्या. नवऱ्याशी हात मिळवला, बायकोचा हात दोन्ही हातांत धरला, मग माझ्याशी, मग पंचाशी. रेषेवर बसलेल्या पोरांशीही एकेक करून मिळवला. बॅग स्वतः उचलली, मला उचलू दिली नाही. कोर्टच्या रेषेबाहेर पाऊल टाकताना त्या जरा थांबल्या आणि मग एकदम बाहेर आल्या.

नंतर डॉक्टरने मला झाडलं. बाईंना तसं खेळू दिलं हे बरोबर की चूक, हे मी अजून कितीदा तरी मनाशी घोळवतो. पण घोळवताना मला त्या रेषेबाहेर पडणाऱ्या बाई दिसतात आणि माझी मान ताठ होते. माझ्या आयुष्यात अशा जागा फार नाहीत.

परत येताना बाई मागच्या सीटवर पाय आडवा टाकून, बर्फाची पिशवी धरून, त्यांच्या भाषेतलं काहीतरी मोठमोठ्याने गात होत्या. माझ्या धाकट्या भावाने अख्ख्या गावात सांगून ठेवलं होतं की आज बाय खेळायला गेलीय. गाडी फाटकाशी वळली, त्याने काचेतून बाईंचा तो फुललेला चेहरा पाहिला आणि हळदीतून उरलेली फटाक्यांची माळ पेटवून दिली. आई ओवाळणीचं ताट घेऊन पायरीवर उभी. मी गाडीतून उतरून दोन्ही हात हलवत ओरडत होतो, अरे थांब, हरलो आम्ही. आवाजात कुणाला ऐकू जाईना. माळ संपल्यावर तो शब्द सगळ्यांनी ऐकला.

भाऊ माझ्याकडे बघतोय, बाईंकडे बघतोय. "मंग ही हासते कशाला?"

"मॅच पुरी झाली म्हणून."

"हरून एवरी खुशी?" तो म्हणाला. "जिकून आली असती त गावच पेटवला असता."

आईने त्याला गप्प केलं आणि गाडीच्या दारातच बाईंना ओवाळलं. बाईंनी मला विचारलं, भाऊ काय म्हणतो? मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दार धरून एका पायावर उभ्या राहिल्या, धुरातून भावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, त्याला विचार, अजून एक माळ आहे का.

होती.